थट्टा कोणाची, टवाळी कोणाची?



दुसऱ्यास हंसण्याच्या क्रियेला मराठी भाषेंत जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्याची स्तुति करण्याच्या क्रियेला नाहींत. थट्टा, मस्करी, चेष्टा, कुचेष्टा, टिंगल, टवाळी, टर, खिल्ली, हेटाळणी, उपहास, उपरोध, विडंबन, नक्कल, फिरकी, टोमणा, वाकुल्या. सहज आठवले तेवढे सांगितले, आणि यादी अजून पुरी झालेली नाहीं. कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं आली. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले. असे कोश घेऊन या शब्दांचा शोध करूं लागलें म्हणजे बहुधा एकाचा अर्थ म्हणून दुसरा, दुसऱ्याचा म्हणून तिसरा, आणि तिसऱ्याच्या पुढें पुन्हां पहिला, अशी प्रदक्षिणा घडते. यांत कोशकारांचा दोष नाहीं. कोशाला अर्थ सांगावयाचा असतो. बोलणाऱ्याला मात्र बाजू घ्यावयाची असते.

एक साधी परीक्षा करून पाहावी. ‘मी त्याची थट्टा केली’ असें कोणीहि मोकळेपणानें म्हणतो. ‘अहो, मस्करी केली, मनावर काय घेतां?’ हेंहि आपण रोज ऐकतों. परंतु ‘मी त्याची टवाळी केली’ असें स्वतःविषयीं म्हणणारा माणूस विरळा, आणि ‘मी त्याची कुचेष्टा केली’ किंवा ‘हेटाळणी केली’ असें म्हणणारा तर जवळजवळ सांपडावयाचाच नाहीं. हे शब्द आपण दुसऱ्याच्या कृत्यासाठीं राखून ठेवलेले आहेत. म्हणजे हंसणारा ज्या प्रसंगास थट्टा म्हणतो, त्याच प्रसंगास ज्याच्याकडे पाहून हंसले तो माणूस कुचेष्टा म्हणतो. प्रसंग एक आणि नांवें दोन. त्या दोहोंपैकीं कोणतें नांव चारचौघांत मान्य व्हावें, यावरच पुष्कळ वेळां खरा तंटा असतो. महाराष्ट्राच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासांत असे तंटे अनेक झाले. त्यांकडे वळण्यापूर्वीं या शब्दांच्या कुळाकडे थोडें पाहूं.

‘चेष्टा’ हा शब्द संस्कृतांतला. तेथें त्याचा अर्थ शरीराची हालचाल, व्यापार, एवढाच आहे. हिंदी आणि बंगाली या भाषांत त्याच शब्दास प्रयत्न असा अर्थ आला. बंगाली गृहस्थ ‘चेष्टा करतों’ म्हणाला तर तो आपल्या कामास लागला असें समजावें. मराठींत मात्र त्या हालचालींतून हातवारे आले, हातवाऱ्यांतून दुसऱ्याचें चालणें-बोलणें करून दाखविणें आलें, आणि चेष्टा म्हणजे थट्टा असें होऊन बसलें. पुढें तिला ‘कु’ हा उपसर्ग लावून आपण तिची वाईट बहीण वेगळी काढली.

‘मस्करी’ची कुळकथा गंमतीची आहे. अरबी भाषेंत मस्खरा म्हणजे हंसण्याचा विषय झालेला माणूस, किंवा हंसविणारा माणूस. फारसीच्या वाटेनें तो शब्द इकडे आला. परंतु संस्कृतांतहि मस्करी असा एक शब्द आहे. पाणिनीनें त्याचा अर्थ परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, असा दिला आहे. मस्कर म्हणजे वेळू, आणि वेळूची काठी बाळगणारा तो मस्करी. माझ्याबरोबर नोकरीस असलेले एक शास्त्रीबुवा हे दोन्ही शब्द एकच मानीत, आणि भटक्या संन्याशांना लोक हंसत म्हणून हंसण्यालाच मस्करी म्हणूं लागले, अशी व्युत्पत्ति मोठ्या आनंदानें सांगत. व्युत्पत्ति सर्वस्वीं खोटी. पण ते ती इतकी रंगवून सांगत कीं, तिला विरोध करण्याचें माझ्या कधीं मनांत आलें नाहीं.

‘नक्कल’ हा शब्दहि अरबीच. कचेरींत त्याचा अर्थ मूळ कागदावरून उतरून घेतलेली प्रत असा आहे, आणि ती खरी असल्याबद्दल कारकुनाची सही व शिक्का लागतो. वर्गांत त्याचा अर्थ मास्तर फळ्याकडे वळले असतां मागें जें चालतें तो. तेथें शिक्क्याची गरज पडत नाहीं. मूळ कोण आहे तें सर्व मुलें तत्काळ ओळखतात.

याहून अधिक विचार करण्यासारखी जोडी विडंबन आणि विटंबना यांची आहे. दोहोंचें मूळ एकच. संस्कृतांत विडंबन म्हणजे अनुकरण, आणि दुसऱ्याचें अनुकरण करून त्यास हास्यास्पद करणें. मराठींत या एका शब्दाचे दोन झाले. आचार्य अत्रे यांचीं ‘झेंडूचीं फुलें’ १९२५ सालीं निघालीं, आणि तेव्हांपासून विडंबन हा एक मानाचा लेखनप्रकार होऊन बसला. ज्या कवीचें विडंबन होतें त्यालाहि आपण कोणी आहोंत असें वाटूं लागलें. विटंबना मात्र हाल आणि अप्रतिष्ठा यांच्या अर्थीं राहिली. आजहि कोठें पुतळ्याची विटंबना झाली अशी वार्ता आली म्हणजे गांवें बंद होतात. एका आईच्या दोन मुली, एक साहित्य संमेलनांत मिरवते आणि दुसरीचें नांव पोलिसांच्या दप्तरांत लिहिलें जातें. जी कृति एकानें विडंबन म्हणून केली, ती दुसऱ्यानें विटंबना म्हणून वाचली, असें घडतें तेव्हां आपण नवल करतों. परंतु भाषेच्या दृष्टीनें त्यांत नवल कांहींच नाहीं, कारण मूळ शब्दांत दोन्ही अर्थ एकत्रच नांदत होते.

क्रियापदांकडे लक्ष दिलें तरीहि पुष्कळ समजतें. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल या गोष्टी आपण ‘करतों’. खिल्ली, टर आणि टोपी आपण ‘उडवितों’. टोमणा ‘मारतों’, फिरकी ‘घेतों’, वाकुल्या ‘दाखवितों’. जें केलें जातें त्यांत समोरचा माणूस निदान आपल्या जागेवर राहतो; जें उडविलें जातें त्यांत त्याच्या डोक्यावरचें कांहींतरी जातें. उघड्या डोक्यानें चारचौघांत जाणें ज्या काळीं अप्रतिष्ठेचें होतें, त्या काळच्या माणसाला टोपी उडविण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. तसेंच ‘नांव ठेवणें’ हें एकवचनी असतां बारशाच्या दिवशीं एकदांच होतें, आणि ‘नांवें ठेवणें’ हें अनेकवचनी झालें म्हणजे जन्मभर चालतें. आणि ‘हंसें’ हा शब्द तर फारच चतुर आहे. ‘त्याचें हंसें झालें’ या वाक्यांत कर्ता कोठें दिसतच नाहीं. सारा गांव हंसला, पण हंसला असा कोणीच नाहीं! ‘हंसतील त्याचे दांत दिसतील’ ही म्हण बहुधा अशाच एखाद्या माणसानें, त्या न दिसणाऱ्या कर्त्याकडे पाहून, धीर धरण्यासाठीं काढली असावी.

हास्याची प्रतवारी लावण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत, सहाव्या अध्यायांत, हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, मधले दोन मध्यमांना व शेवटचे दोन अधमांना. दांत दिसूं न देतां जो हंसतो तो श्रेष्ठ, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत जो हंसतो तो कनिष्ठ, असा हा हिशेब. नटास हें शास्त्र उपयोगी खरें; परंतु त्यांत हंसणारा कोण एवढेंच मोजलेलें आहे. हंसतात कोणाला, हें मोजण्याचें काम गृहस्थाश्रमी माणसांनीं आपल्या बोलीकडे सोंपविलें.

आणि बोलीनें तें चोख केलें. आपल्या कुटुंबांत थट्टेचें नातें म्हणून एक स्वतंत्र वर्ग आहे. धाकटा दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेहुणी, आजोबा आणि नातू यांच्यांत थट्टा चालते. नव्हे, ती झाली नाहीं तर कांहींतरी बिनसलें आहे असें घरांतील वडील माणसें समजतात. सासरा आणि सून यांच्यांत ती मुळींच चालत नाहीं. लग्नांत रुखवताच्या वेळीं बायका व्याह्याविहिणींची जी खोड काढीत, ती एरवीं कोणी काढली असती तर सोयरीक मोडली असती. शिमग्याच्या दिवसांत ज्याच्या दारापुढें बोंब मारली, त्यालाच रंगपंचमीनंतर लोक पुन्हां रामराम करीत. या साऱ्या ठिकाणीं थट्टेला कुंपण होतें. आंत शिरण्याची वेळ ठरलेली, बाहेर पडण्याचीहि ठरलेली. आणि मुख्य म्हणजे परतफेडीची मुभा असे. ज्याला आज हंसले तो उद्यां हंसूं शकत होता. हें कुंपण मोडलें म्हणजे काय होतें तें सांगण्यासाठीं ‘मस्करीची कुस्करी’ हा यमकाचा शब्द आपल्या आजीबाईंनीं करून ठेवला आहे. रामदासांनीं दासबोधांत विनोदाच्या आवडीची गांठ टवाळाशीं घालून दिली, त्यावरून समर्थांना विनोदच नको होता असें पुष्कळ लोक सांगतात. मला तसें वाटत नाहीं. त्यांनीं विनोदापेक्षां टवाळावर बोट ठेवलें आहे. आणि टवाळ तो, जो कुंपणाबाहेर उभा राहून हंसतो.

कुंपणाबाहेरची ही थट्टा बहुधा शिव्यांनीं होत नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्ञानदेवादि भावंडांना आळंदींत ‘संन्याशाचीं पोरें’ म्हणत, असें परंपरा सांगते. या शब्दांत अपशब्द कोणता? संन्यासी पूज्य, आणि पोर हें तर प्रत्येक घराचें भूषण. पण दोन निर्दोष शब्द शेजारीं बसविले आणि चार मुलांना गांवांत राहणें कठीण झालें. चांगल्या शब्दांनींच माणसाला खालीं उतरविणें, ही कला आपल्याकडे फार पूर्वींपासून अवगत आहे.

१८७५ सालीं पुण्यांत तिचें एक मोठें प्रदर्शन झालें. त्या वर्षीं स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले होते. त्यांचीं व्याख्यानें झालीं आणि शेवटीं त्यांच्या सन्मानार्थ मिरवणूक निघाली. न्यायमूर्ति रानडे तींत होते आणि जोतीराव फुले आपल्या लोकांसह तिच्या रक्षणास आले होते. विरोधकांनीं त्याच दिवशीं दुसरी मिरवणूक काढली. तींत एक गाढव सजवून त्याला ‘गर्दभानंद’ असें नांव दिलें होतें. पुढें चिखलफेक आणि मारामारी झाली. चिखल काय, दुसऱ्या दिवशीं धुवून जातो. परंतु ‘गर्दभानंद’ हें नांव शंभर वर्षांवर टिकलें. दोन्ही पदें शुद्ध संस्कृत, समास बिनचूक! ज्यानें कोणी तें नांव जुळविलें त्याला व्याकरण उत्तम येत होतें, हें मला मास्तर म्हणून कबूल करणें भाग आहे. ज्यांनीं मिरवणूक काढली त्यांच्या मतें ती गंमत होती. ज्यांच्यावर चिखल पडला त्यांनीं तिला गंमत म्हटलें नाहीं.

गोपाळ गणेश आगरकर यांची तर विरोधकांनीं ते जिवंत असतांनाच प्रेतयात्रा काढली. अशा माणसानें १८८८ सालीं स्वतःचें पत्र काढलें आणि त्याचें नांव ‘सुधारक’ ठेवलें. आज या शब्दांत आपणांस मान दिसतो. त्या काळीं पुण्याच्या ओट्यांवर तो शब्द ओंठ मुडपून उच्चारला जाई; सुधारक म्हणजे साहेबाची नक्कल करणारा, चहाबिस्किटांत धर्म बुडविणारा, असा त्याचा ध्वनि होता. स्त्रीशिक्षणाची खिल्ली उडविणारी ‘तरुणीशिक्षणनाटिका’ नारायण बापूजी कानिटकर यांनीं १८८६ सालीं लिहिली. अशा वातावरणांत, ज्या शब्दानें लोक टर उडवितात तोच शब्द उचलून पत्राच्या मथळ्यावर छापणें, ही टवाळीस दिलेल्या उत्तरांपैकीं मला सर्वांत हुषारीची युक्ति वाटते. नांव ठेवणाऱ्याच्या हातांतून नांवच काढून घेतलें.

परंतु हें आगरकरांना जमलें, कारण त्यांच्याजवळ छापखाना होता, लेखणी होती, आणि पुरुषाचा जन्म होता. आनंदीबाई जोशी यांच्याजवळ यांपैकीं कांहीं नव्हतें. अमेरिकेस जाण्यापूर्वीं, १८८३ सालीं, बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं जें इंग्रजी भाषण केलें, त्यांत शाळेंत पायीं जातांना रस्त्यावरचे लोक कसे जमत, कसे हंसत आणि काय काय बोलत, तें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. त्या वेळीं त्यांचें वय अठराहि नव्हतें. हंसणारे कोणी गुंड नव्हते; प्रतिष्ठित घरचे, आपापल्या कामास जाणारे-येणारे लोक होते. त्यांतल्या एकालाहि त्या दिवशीं विचारलें असतें तर ‘मी कुचेष्टा केली’ असें तो म्हणाला नसता. तो म्हणाला असता, ‘हंसूं आलें.’ पाहा, येथेंहि क्रियापदानें कर्त्याला अगदीं अलगद बाजूस केलें आहे. हंसूं येतें, जसा पाऊस येतो! पण एकदां हंसूं आलें कीं एका मुलीला रस्त्यानें चालणें अवघड होतें, आणि शंभर वेळां आलें कीं शंभर मुली घरींच बसतात. आनंदीबाई घरीं बसल्या नाहींत. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. किती जणी बसल्या, त्याची नोंद कोणी ठेवली नाहीं.

रस्त्यावरच्या हंसण्याला निदान दार लावून घेतां येतें. रमाबाई रानडे यांनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० सालीं निघालेल्या पुस्तकांत घरांतल्या हंसण्याची हकीकत लिहिली आहे. यजमान न्यायाधीश, त्यांचीच इच्छा बायकोनें इंग्रजी शिकावें अशी. आणि घरांतल्या वडील बायका मात्र उठतां बसतां टोमणे मारीत. टोमणा हा खास घरांतला शब्द आहे. तो तोंडावर मारतात, पण नांव न घेतां. स्वयंपाकघरांत भिंतीशीं किंवा भांड्यांशीं बोलल्यासारखा बोलतात, आणि तो जिला लागावयाचा तिला बरोबर लागतो. तिनें उत्तर दिलें तर ‘तुला कोण म्हणालें?’ हा प्रश्न तयारच असतो. या बायकांचा राग करण्यांत अर्थ नाहीं. त्यांना स्वतःला जन्मांत कोणी पाटी हातीं दिली नव्हती, आणि सुनेच्या हातांतलें पुस्तक पाहून त्यांना काय वाटलें असेल, तें समजणें कठीण नाहीं.

विद्वानांची रीत याहून निराळी. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची निबंधमाला १८७४ सालीं सुरू झाली. मराठी गद्याला तिनें जो डौल दिला तो कोणीहि नाकारणार नाहीं. आम्हांसारख्या अनेक मास्तरांनीं त्यावरच निबंध घासले. परंतु त्याच मालेंत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा जो परामर्श घेतलेला आहे, तो वाचतांना मला नेहमीं संकोच वाटतो. तेथें फुले काय म्हणतात याला उत्तर देण्यापेक्षां ते तें कसें लिहितात याला हंसण्यांतच शास्त्रीबोवांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. भाषा अशुद्ध, व्याकरण नाहीं, असा सूर. मी स्वतः आयुष्यभर व्याकरण शिकविलें, म्हणून मला हें सांगण्याचा अधिकार आहे असें समजतों: ऱ्हस्वदीर्घाला हंसणें हें सर्वांत स्वस्त हंसणें होय, कारण त्यानें प्रश्नाला हात न लावतां प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवितां येतें. शाळा ज्यांना नाकारली गेली त्यांच्या शुद्धलेखनाला हंसणें, याला उपरोध म्हणावें, उपहास म्हणावें कीं हेटाळणी म्हणावें? ‘हेटाळणी’ हा शब्द येथें अचूक बसतो, कारण हेटाळणी नेहमीं वरून खालींच जाते. खालून वर कोणी हेटाळणी केली असें वाक्य मराठींत करूनच पाहावें. कानाला तें खटकतें.

मग खालून वर जाणाऱ्या हंसण्याला आपण काय म्हणतों? येथें भाषेची एक खोड उघडी पडते. मास्तरांनीं मुलाची फिरकी घेतली तर मास्तर विनोदी. मुलानें मास्तरांची घेतली तर मुलगा वात्रट. यजमानानें गड्याची केली ती थट्टा. गड्यानें यजमानाची केली तो उद्धटपणा. आगाऊ, वाह्यात, चहाटळ, तोंडाळ, सारे शब्द त्याच कपाटांतले. म्हणजे वरच्यानें हंसलें तर आपण त्या हंसण्याला नांव देतों, आणि खालच्यानें हंसलें तर हंसणाऱ्यालाच नांव ठेवतों. जोतीरावांना हें चांगलें ठाऊक असावें. १८५५ सालीं लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकांत त्यांनीं विदूषक आणला, आणि भोळ्या कुणब्याला फसविणाऱ्या भटाविषयीं जें बोलावयाचें तें त्याच्या तोंडीं घातलें. संस्कृत नाटकांतला विदूषक राजाचा मित्र असे व त्याच्या पंगतीचा लाडू खाई. फुल्यांनीं त्याला कुणब्याच्या बाजूला आणून बसविलें. पुढें १८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’नें सबंध नाटकगृहाला एका श्रीमंत म्हाताऱ्या नवऱ्यास हंसावयास लावलें, तेव्हां हंसण्याचा ओघ असाच वर वळला होता. (१९२९ च्या बालविवाहविरोधी कायद्यास लोक सारडा कायदा म्हणत तें हरबिलास सारडा यांच्या नांवावरून; या नाटकावरून नव्हे. पण ही समजूत मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीं ऐकली आहे, आणि देवलांना ती ऐकून समाधानच वाटलें असतें.)

शेवटीं माझ्याच धंद्याच्या नांवाविषयीं. ‘पंतोजी’ या शब्दांत पंत आहे, जी आहे. दोन्ही मानाचीं पदें. पंत म्हणजे पंडितच. गांवठी शाळेंतील शिक्षकाला हें नांव आदरानें मिळालें. मग सरकारी शाळा आल्या, पगारी मास्तर आले, आणि धूळपाटी व छडी घेऊन ओसरीवर बसणारा पंतोजी मागें पडला. माणूस मागें पडला कीं त्याची पदवी थट्टेचा विषय होते. ‘पंतोजीपणा करूं नका’ हें वाक्य मीं शाळेच्या बैठकींत माझ्या कानांनीं ऐकलें आहे. आतां मास्तर हा शब्दहि त्याच उतारावर आहे. कारकुनाचा कारकुंडा झाला, मास्तराचा मास्तुरडा झाला. असे प्रत्यय लावण्यांत मराठी भाषा फार तत्पर; एक ‘डा’ जोडला कीं माणूस अर्धा होतो.

याहून लहान प्रत्यय ‘या’चा. रामाचा राम्या, गोपाळाचा गोप्या. बरोबरीच्या दोस्तांत हा प्रेमाचा प्रत्यय आहे. पण जुन्या गांवगाड्यांत वतनदाराच्या नांवापुढें राव आणि जी लागत, आणि गांवकुसाबाहेरच्या माणसाला म्हातारपणींहि ‘या’नेंच हांक मारीत; त्या माणसाला तसाच प्रत्यय लावून उलट हांक मारण्याची सोय नव्हती. थट्टेच्या नात्यांत जी परतफेडीची मुभा असते ती येथें नाहीं. म्हणून तोच प्रत्यय एका ठिकाणीं लाड ठरला आणि दुसऱ्या ठिकाणीं पिढ्यान् पिढ्यांची हेटाळणी.

मी ज्या शाळांत होतों त्यांपैकीं एकींत कचरू नांवाचा मुलगा होता. ज्या घरांत मुलें जगत नाहींत तेथें दृष्ट लागूं नये म्हणून कचरू, दगडू, धोंडू, भिकू अशीं नांवें ठेवण्याची रीत आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहेच. त्या वर्गाचे शिक्षक हजेरी घेतांना या नांवापाशीं रोज किंचित् थांबत, केराच्या टोपलीकडे पाहत, आणि मगच नांव उच्चारीत. वर्ग हंसे. मुलगा शाळा बुडवूं लागला. कां येत नाहींस म्हणून विचारलें, तेव्हां म्हणाला, ‘गुरुजी माझीच हजेरी घेतात.’ त्याला श्लेष साधावयाचा नव्हता. दोन दिवसांनीं त्याचा बाप शाळेंत आला. अंगांत कामाचे कपडे, टोपी हातांत. तो रागावला नाहीं. म्हणाला, ‘याच्या आधीं तीन गेलीं, गुरुजी. माझ्या आईनं नांव ठेवलं, हा तरी राहावा म्हणून.’ शिक्षक म्हणाले, ‘अहो, मी गंमत करीत होतों.’ बापानें मान डोलावली, पण तो जागचा हालला नाहीं. थोड्या वेळानें शिक्षकांनींच हजेरीचें पुस्तक उघडलें, त्यांत कांहीं पाहिल्यासारखें केलें आणि मिटलें.

दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गांत हजेरी क्रमांकांनीं होऊं लागली. कचरूचा क्रमांक सतरा होता.